अंगावर घालायची संवादसाधनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं, पण जीभ, ओठ आणि जबडा हवे तसे वळत नाहीत. त्यामुळे घरच्या चार-पाच माणसांपलीकडे त्याचं बोलणं कुणाला उमगत नाही. गेली अकरा वर्षं तो गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलेल्या टॅबवरून बोलतो. आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो. आसपासच्या गावांतले आईवडील फोन करतात, घरी येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. जिथे तज्ज्ञाकडेच जायला हवं, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

अंगावर घालायची साधनं म्हणजे नेमकं काय काय येतं यात?

ज्यांना तोंडाने बोलता येत नाही किंवा बोललेलं समोरच्याला समजत नाही, त्यांच्यासाठीच्या सगळ्या साधनांना मिळून एएसी म्हणतात, म्हणजे पूरक आणि पर्यायी संवाद. त्यातली जी अंगावर राहतात, ती ही. गळ्यातल्या नाडीला लावलेली चित्रकार्डं. मनगटावरच्या पट्ट्यातली दोन-तीन चित्रं. दाबलं की आधी भरून ठेवलेलं एक वाक्य बोलणारं बटण. खांद्यावरून तिरक्या पट्ट्याने छातीवर येणारा टॅब. स्मार्ट घड्याळ. कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि तोंडाजवळचा माइक. चष्म्याच्या काडीवर बसवलेला स्विच. आईने किंवा बाईंनी घालायचा एप्रनही यातच येतो. त्यावर वेल्क्रोने चित्रं चिकटवलेली असतात आणि मूल त्यांवर बोट ठेवतं.

कागदाचं कार्ड आणि लाखाचं यंत्र मी एकाच दमात सांगते म्हणून लोकांना नवल वाटतं. पण आमच्या घरात दोन्ही रोज वापरात आहेत.

टॅब घरात आहेच की. तो गळ्यात कशाला घालायचा?

भावाचा पहिला टॅब आला तेव्हा तो एका संस्थेत शिकायला जायचा. तिथे त्यांनी टॅब कपाटात ठेवला. पडेल, मुलं ओढतील ही त्यांची भीती होती, आणि ती मला समजते. दुपारी दोनला 'संवादाचा तास' असे. तेव्हा कपाट उघडायचं, टॅब बाहेर यायचा, त्याने 'मला पाणी हवं' दाखवायचं, तीनला टॅब परत आत. पाणी त्याला साडेअकरालाच हवं असायचं.

एका शनिवारी घरी आल्यावर तो चार तास रडत होता. रात्री टॅब हातात दिला तेव्हा कळलं की सकाळपासून बुटात खडा होता. पायाला फोड आला होता. त्या दिवशी आईने तिच्या जुन्या पर्सचा पट्टा उसवला आणि टॅबच्या कव्हरला शिवला. तेव्हापासून तो टॅब अंघोळ आणि झोप सोडली तर त्याच्या अंगावरच असतो.

कुणाला कोणतं साधन चालतं? एकच सगळ्यांना चालेल ना?

नाही, आणि पैसे वाया जातात ते इथेच. न बोलता येण्याची कारणं वेगवेगळी असतात. अजूनही अनेकांच्या डोक्यात 'मूकबधिर' हा एकच शब्द आहे, आणि त्यामुळे माझ्या भावाशी लोक ओरडून बोलतात. त्याचे कान उत्तम आहेत.

सेरेब्रल पाल्सीत बहुतेक वेळा अडचण स्नायूंची असते, आणि तेच स्नायू हातातही अडवतात. भावाचा हात पडद्यावर जाईपर्यंत दोन-तीनदा इकडेतिकडे जातो आणि वाटेत चार चुकीची चित्रं दाबली जातात. यावर उपाय म्हणून पडद्यावर ॲक्रिलिकची जाळी बसवतात. प्रत्येक चित्रावर एक चौकोनी भोक, म्हणजे बोट भोकात टेकवून मग दाबायचं. विकतची महाग पडत होती. आमच्याकडे गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्याने मोजमाप घेऊन तीन मिलिमीटरच्या शीटमधून कापून दिली आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. ती जाळी बसल्यावर भावाचा बोलण्याचा वेग दुपटीहून वाढला.

स्वमग्न मुलांमध्ये काहींना गळ्यातला भार आणि नाडीचा स्पर्श सहनच होत नाही. तिथे कमरेचा पट्टा किंवा आईचा एप्रन चालतो. मुलाने नाडी ओढून टाकली, तर त्याचा अर्थ 'मला बोलायचं नाही' असा घेऊ नका. कदाचित फक्त नाडी टोचत असेल.

पक्षाघातानंतर बरेचदा अफेजिया होतो, आणि त्यात प्रश्न जिभेचा नसून शब्दांचाच असतो. मेंदूत शब्द सापडत नाही. अशा माणसाला कीबोर्ड दिला तरी तो अडतो, कारण लिहायलाही तोच शब्द लागतो. तिथे घरातल्या माणसांचे, खोल्यांचे, औषधाच्या पाकिटांचे खरे फोटो उपयोगी पडतात. बरेचदा उजवा हातही लुळा असतो, म्हणून साधन डाव्या हाताला सहज पोचेल असं लावायचं. घड्याळ घ्यायचं झालं तर आधी हे बघा की लुळ्या हातावर बांधून दुसऱ्या हाताने दाबता येतं का. अनेकांना तो हात समोर उचलताच येत नाही. मग घड्याळ फुकट जातं आणि गळ्यातली कार्डं बरी पडतात.

पार्किन्सनमध्ये शब्द बरोबर असतात, आवाज मात्र अगदी बारीक होत जातो. त्यांना चित्रंबित्रं काही नको. शिक्षक वर्गात वापरतात तो कमरेचा स्पीकर आणि डोक्यावरचा माइक एवढ्यानेच जेवणाच्या टेबलावरचं बोलणं परत सुरू झालेलं मी पाहिलं आहे. दुकानात तो दोन-तीन हजारांत मिळतो.

यंत्राची सवय लागली तर मूल तोंडाने बोलायचं थांबेल का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि या भीतीपोटी मुलांची मोलाची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांच्या बोलण्यातला बदल नीट मोजला होता अशा २७ जणांची माहिती तपासली होती. साधन मिळाल्यावर बोलणं कमी झालेला त्यांत एकही नव्हता, आणि बहुतेकांचं बोलणं थोडंफार वाढलं होतं. बोलता येत असेल तर मूल बोलणारच, कारण बोटाने चित्र शोधत बसण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे. भाऊसुद्धा आईला हाक तोंडानेच मारतो.

किती वयापासून द्यावं?

वाट बघू नका. 'आधी चित्र ओळखू दे, आधी एका जागी बसू दे, मग बघू' असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या थेरपिस्टचं मत घ्या. आपण तान्ह्या बाळाशी बोलतो ते काही त्याला आधी समजू लागतं म्हणून नव्हे.

घरच्या घरी सुरुवात कशी करू?

पोस्टकार्डाच्या पावपट आकाराची आठ-दहा कार्डं करा, लॅमिनेट करा, कोपऱ्यात भोक पाडून कडीत ओवा. कडी ओळखपत्राच्या नाडीला लावा. नाडी अशीच घ्या जी जोरात ओढली की मानेमागे आपोआप सुटते. साधी न सुटणारी नाडी लहान मुलाच्या गळ्यात कधीच घालू नका. घसरगुंडीत किंवा दाराच्या कडीत अडकली तर जीवावर बेतेल. शंका असेल तर नाडीऐवजी पँटच्या हुकाला लावा.

आता कार्डांवर काय? इथे जवळजवळ प्रत्येक घर एकच चूक करतं. पाणी, जेवण, शू, झोप एवढंच ठेवतं. पण या गोष्टी मूल तुम्हाला एरवीही कसंतरी समजावतंच. जे समजावता येत नाही ते द्या. 'नको.' 'थांब.' 'अजून.' 'हे नाही, दुसरं.' 'दुखतंय.' 'मला काहीतरी सांगायचंय.' 'तू चुकीचं समजलास.' हे शेवटचं कार्ड भावाच्या कडीत सगळ्यात मळलेलं आहे, तीनदा नवीन केलं.

आणि तुम्ही स्वतः बोलताना त्या कार्डांवर बोट ठेवा. 'चल, अजून भात घेऊ' म्हणताना 'अजून'वर बोट. महिने जातील. आमच्याकडे पहिल्या सात महिन्यांत त्याने एकही कार्ड दाखवलं नव्हतं. पहिलं दाखवलं ते 'नको', आणि तेही मावशी तिसऱ्यांदा लाडू भरवत होती तेव्हा. आई आनंदाने रडली. मावशीला आधी काहीच कळेना, मग तीही रडली.

ही यंत्रं मराठीत बोलतात का?

बोलतात, पण निवडताना कान उघडे ठेवा. 'जेलो' हे मोफत ॲप मुंबईच्या आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालं आहे आणि त्यात मराठी आहे. चित्रांच्या बाजूला सहा बटणं आहेत : आवडतं, आवडत नाही, हो, नाही, जास्त, कमी. चित्र आणि बटण मिळून पूर्ण वाक्य बोललं जातं, म्हणून सुरुवातीला मला ते फार सोयीचं वाटतं. चेन्नईत घडलेलं 'आवाज' हे ॲपही आपल्याकडे बरंच वापरलं जातं. वेगळं ॲप नको असेल तर अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये मराठी वाचनाचा आवाज चालू करा. टाइप केलेलं तो फोन वाचून दाखवतो.

आता अडचणी. बहुतेक परदेशी ॲपच्या शब्दांची मांडणी इंग्रजीवर बेतलेली असते. तिथे 'आपण' आणि 'आम्ही' दोघांना मिळून एकच चित्र असतं. माझ्या ओळखीची एक सहा वर्षांची मुलगी मैत्रिणींना 'आपण खेळूया' म्हणायला जायची आणि यंत्र 'आम्ही खेळतो' म्हणायचं. मैत्रिणींना वाटायचं, ही आपल्याला घेत नाही. आम्ही ते चित्र दोन केलं, दोन रंगांत.

दुसरी गोष्ट 'मी आलो, मी आले'ची. मुलासाठी आणि मुलीसाठी क्रियापदं वेगळी भरावी लागतात, ती आधीच तपासा. तिसरी रीतीची. घरातून निघताना आपण 'येतो' म्हणतो. भावाचं यंत्र 'जातो' म्हणायचं आणि आजीच्या छातीत धस्स व्हायचं. बदलायला दोन मिनिटं लागली, पण ते बदलायला हवं हे कळायला आजीला रडताना पाहावं लागलं. तसंच 'तू' आणि 'तुम्ही'. गुरुजींना यंत्राने 'तू' म्हटलं की दोष मुलाच्या माथी येतो. घरात वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलत असाल तर शब्द घरातलेच भरा. जवळपास सगळ्या ॲपमध्ये स्वतःचा आवाज भरता येतो.

आवाज कुणाचा भरावा?

सुरुवातीला सगळीकडे माझाच आवाज होता. एसटीत चढताना भाऊ एक-वाक्याचं बटण दाबायचा, 'विटा एक, सवलतीचं', आणि तरण्या मुलाच्या छातीतून बाईचा आवाज आला की अख्खी बस वळून बघायची. त्याने ते बटण न्यायचंच सोडून दिलं. कारण आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. मग त्याच्याच वयाच्या चुलतभावाने सगळी वाक्यं पुन्हा भरली, शिव्यांसह. दोन शिव्या त्याने मागून घेतल्या होत्या. आई नाही म्हणाली, मी हो म्हटलं. बाकीच्या तरुणांच्या तोंडी त्या असतात, मग याच्या का नकोत?

शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना मोटर न्यूरॉन हा स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार होता. त्यांचा आवाज १९८५ साली श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेत गेला. नंतर त्यांना अधिक माणसासारखे आवाज देऊ केले गेले, तरी त्यांनी तो जुना यांत्रिक आवाजच ठेवला, कारण जग त्यांना त्याच आवाजाने ओळखत होतं. पुढे हातही चालेना, तेव्हा चष्म्याला लावलेला इन्फ्रारेड स्विच त्यांच्या गालाच्या स्नायूची हालचाल टिपायचा आणि त्यावर ते शब्द निवडायचे.

घरात कुणाला मोटर न्यूरॉन आजाराचं निदान झालं असेल तर आवाज आहे तोवरच त्यांच्या नेहमीच्या वाक्यांचं रेकॉर्डिंग करून ठेवा. 'चहा टाक गं.' 'काय म्हणतोस?' नातवाची लाडकी हाक. हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

कर्करोगामुळे वडिलांचं स्वरयंत्र काढलं. त्यांच्यासाठी काय आहे?

हे निर्णय तुमचे सर्जन आणि वाचा-उपचारतज्ज्ञच घेतील, पण पर्याय माहीत असू द्या. इलेक्ट्रोलॅरिंक्स हे विजेरीसारखं यंत्र हनुवटीखाली मानेवर टेकवतात. ते थरथरतं, आणि तो नाद जीभ-ओठांनी शब्दांत घडवायचा. आवाज एकसुरी असतो, पण थोड्या सरावाने समजतो. ते बोटांत धरावं लागतं, म्हणून बरेच जण नाडीने गळ्यातच ठेवतात. दुसरा पर्याय अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये बसवायच्या छोट्या झडपेचा. तिच्यातला आवाज जास्त नैसर्गिक असतो, पण ती ठरावीक काळाने बदलावी लागते आणि आयातीची महाग पडते. बंगळुरूचे कर्करोग शल्यविशारद डॉ. विशाल राव यांनी 'ओम' नावाची झडप सुमारे ५० रुपयांत बनवून दाखवली. आपल्या रुग्णाला ती योग्य आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

खुणा ओळखून बोलणारे हातमोजे आले म्हणे. घ्यावेत का?

दर वर्षी कुणीतरी ही बातमी पाठवतं. २०१६ साली अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांना अशा हातमोज्यांसाठी मोठं बक्षीस मिळालं. २०२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या गटाने ६६० खुणा ओळखणारा हातमोजा प्रसिद्ध केला. त्यात चेहऱ्यावर चिकटवायचे संवेदकही होते. त्यांची बुद्धी मोठी आहे, यात वाद नाही. पण बधिर लोकांनी सुरुवातीपासून एक आक्षेप घेतला आहे आणि मला तो पूर्ण पटतो. खुणांची भाषा फक्त हातात नसते. भुवया, डोळे, खांदे, मानेची दिशा, या सगळ्यांत तिचं व्याकरण असतं. तोच हात आणि वर गेलेल्या भुवया, की वाक्याचा प्रश्न होतो. शिवाय हातमोजा फक्त ऐकणाऱ्याची सोय करतो. समोरच्याचं उत्तर बधिर माणसाला कसं कळणार? आणि ते मोजे अमेरिकी खुणांचे होते. भारतीय सांकेतिक भाषा वेगळी आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तिचा १०,००० शब्दांचा कोश केला आहे. तोच पैसा आणि वेळ घरच्यांनी ती भाषा शिकण्यात घालावा.

आणि गळ्याला चिकटवायची पट्टी, मनातलं ओळखणारं यंत्र?

लॉस एंजेलिसच्याच गटाने २०२४ साली सुमारे ७ ग्रॅमची पट्टी दाखवली. ती गळ्याच्या स्नायूंच्या हालचालीवरून वाक्य ओळखते. अचूकता ९५ टक्क्यांच्या आसपास होती, पण चाचणीत वाक्यं पाचच होती आणि भाग घेणारे आठही जण बोलू शकणारे होते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात अर्णव कपूर यांनी २०१८ साली मांडलेलं 'अल्टरइगो' जबड्यावरचे सूक्ष्म विद्युत संकेत टिपतं. मन वाचत नाही, माणूस मुद्दाम मनातल्या मनात उच्चारतो तेच ओळखतं. दोन्ही कामं आशेची आहेत आणि मी बातम्या जपून ठेवते. पण त्यांची वाट बघत आज कार्डं करायची थांबवू नका.

आमच्या मुलाचा हात धरला की तो सुंदर टाइप करतो. हे चालेल ना?

हळुवारपणे सांगते, पण सांगायलाच हवं. हात, मनगट किंवा कोपर धरून टाइप करवून घेतात तेव्हा शब्द बहुधा धरणाऱ्याचे असतात, आणि धरणाऱ्याला ते कळतही नाही. हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या मुख्य संघटनेने २०१८ साली या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. साधन अंगावर नीट बांधा, जाळी लावा, स्विच लावा, आणि हात सोडा. एकच शब्द येईल, पण तो त्याचा असेल.

खर्चाला मदत कुठून मिळते?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा आणि भाषा दिव्यांगत्व स्वतंत्रपणे आहे. पहिलं काम यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. साधनांसाठी केंद्राची एडीआयपी योजना आहे, उत्पन्नाच्या मर्यादेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर 'निरामय' विमा एक लाखापर्यंतचा खर्च उचलतो, त्यात थेरपीही येते. ग्रामपंचायत आणि पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो. आमच्या दुसऱ्या टॅबचे अर्धे पैसे ग्रामसभेत अर्ज लावून धरल्यावर त्यातूनच आले. तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा आणि श्रवण दिव्यांगत्वाची राष्ट्रीय संस्था आहे. नोंदणीच्या दिवशी सकाळी लवकर पोचा आणि मुलाचं खाणं बरोबर ठेवा.

साधन घातलेल्या माणसाशी बोलायचं कसं?

थांबून. आपण मिनिटाला शंभर-दीडशे शब्द सहज बोलतो. टॅबवर दहा-पंधरा जमले तरी पुष्कळ. भाऊ वाक्य जुळवत असताना लोक ते पुरं करून टाकतात, किंवा माझ्याकडे वळून विचारतात, 'हा काय म्हणतोय?' त्याला विचारा. त्याच्या छातीवरचा पडदा न विचारता वाचू नका, आणि त्याला हात तर अजिबात लावू नका. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात आपण बोट घालत नाही.

न्यायालयातही बोलू न शकणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो आणि ती तोंडी साक्षच मानली जाते. पोलिसांनी 'याला बोलता येत नाही' म्हणून परत पाठवलं तर हे सांगा.

पाऊस, घाम, चार्जिंग?

स्पीकरची जाळी उघडी राहील असं पारदर्शक कव्हर घ्या, नाहीतर आवाज दबतो. उन्हाळ्यात पट्ट्याखाली घामोळं येतं, म्हणून सुती कापड शिवा. पॉवरबँक कमरेला. फोनमध्ये ११२ चं ॲप ठेवा, त्यातल्या बटणाला बोलावं लागत नाही. आणि टॅबच्या मागे एक लॅमिनेट केलेलं कार्ड कायम ठेवा, कारण चार्जिंग नको तिथे संपतं. भावाच्या कार्डावर त्याने स्वतः सांगितलेला मजकूर आहे : 'माझं यंत्र बंद पडलं आहे. मला ऐकू येतं, ओरडू नका. हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्न विचारा. हो म्हणताना मी वर बघतो. मला घाई नाही.'